मांजर बाईचंच का? आत्येच्या पाच मांजरांच्या निमित्तानं

चवथीला सगळे गोव्यात घरी जमलो होतो तेव्हा पुण्याच्या चुलत भावानं आत्येचा एक फोटो काढला. आत्ये बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसलीय, मांडीवर एक मांजर, पायाशी दोन, खांबामागून एकाची नुसती शेपटी दिसतेय, आणि पाचवं आत गणपतीवर टांगलेल्या माटोळीकडे टक लावून बसलेलं म्हणून फोटोत नाही. भावानं तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आमची क्रेझी कॅट लेडी', एकट्या बाईला मांजरांवरून चिडवायचा इंग्लिश शब्द. सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले, मीपण टाकला. आत्येनं लग्न केलं नाही, फोंड्याच्या बाजूला शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, इंग्लिश तिचं आमच्यापेक्षा बरं आहे. रात्री भांडी आवरताना तिनं मला विचारलं, "क्रेझी कळलं, लेडी कळलं, पण त्यात कॅट कशाला घातलं गो त्यानं?"

मला उत्तर देता येईना. आमच्या वाड्यावर एक रिटायर्ड काका आहेत, त्यांच्याकडे सात मांजरं, त्यांना सगळे प्राणीप्रेमी म्हणतात. म्हणजे मांजरांचा आकडा हा मुद्दा नाहीच. मग मी शोधत बसले, आणि ही गोष्ट आपली मुळी नाहीच, ती साताठशे वर्षं फिरत फिरत भावाच्या मोबाईलपर्यंत आलीय असं दिसलं. जमेल तसं सांगते.

सुरुवात घरापासून. मांजर माणसाकडे आलं ते धान्यामुळे. धान्य साठवलं तिथं उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं, कोणी त्याला धरून आणलं नाही. सायप्रस बेटावर साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं आहे. कुत्रा शिकारीला जायचा, गुरांमागे जायचा, म्हणजे पुरुषांबरोबर बाहेर. मांजर राहिलं कोठीत, चुलीपाशी, जिथं बायका होत्या. इजिप्तमधल्या जुन्या थडग्यांच्या भिंतींवर चित्रं आहेत त्यात घरधनीण खुर्चीवर बसलीय आणि खुर्चीखाली मांजर, एका चित्रात तर ते मासा खातंय (हे बघून आत्ये खूश झाली). तिथं बास्तेत नावाची देवी होती, आधी तिचं तोंड सिंहिणीचं होतं, पुढं ते मांजरीचं झालं, बाळंतपण आणि घरदार तिच्याकडे. तिच्या बुबास्तिस गावच्या जत्रेचं वर्णन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं केलंय, बायका नावांतून गात नाचत यायच्या आणि दारू भरपूर. तेव्हा मांजर आणि बाई ही जोडी कोणाला खटकत नव्हती, उलट नवस बोलायची होती. नवसाच्या मांजरांच्या ममी इतक्या निघाल्या की १८९० मध्ये जवळपास एक लाख ऐंशी हजार ममी जहाजानं लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या. देवीची मांजरं इंग्लंडच्या शेतात गेली, काय बोलायचं.

मग खटकायला कधी लागली? एक धागा ग्रीकांपासून निघतो. अ‍ॅरिस्टॉटलनं प्राण्यांवर लिहिताना मांजरीबद्दल लिहून ठेवलं की ती जात्याच कामुक असते, बोक्याला तीच बोलावते. आता रात्री कौलांवर माजावर आलेल्या मांजरीचं ओरडणं ज्यानं ऐकलंय त्याला हे का सुचलं ते कळेल. पण त्यामागे शरीराचं कारण आहे, मांजरीचं बीज समागम झाल्यावरच सुटतं, त्यामुळे तो होईपर्यंत माज परत परत येतो, आणि बोक्याच्या इंद्रियावर बारीक काटे असतात म्हणून शेवटची किंकाळी. एकाच वेतातली पिल्लं दोन-तीन बोक्यांची असू शकतात. माणसानं हे बघितलं आणि बोक्याला सोडून मांजरीचं चारित्र्य काढलं. इंग्लिशमध्ये पंधराव्या शतकापर्यंत कॅट हा शब्द वेश्येसाठी शिवी म्हणून चालायला लागला होता. आणि इसापाची ती गोष्ट, एक मांजरी देवीच्या कृपेनं बाई होते, लग्न होतं, आणि पहिल्याच रात्री उंदीर दिसल्यावर त्याच्यावर झेप घेते. म्हणजे बाईच्या आत मांजर आहेच, कधीही बाहेर येईल.

आता चेटकिणींकडे येऊ. इथं आधी एक इंटरनेटवरची फेमस थाप बाजूला करते. १२३३ मध्ये पोप ग्रेगरी नववा यानं एक पत्र काढलं, त्यात जर्मनीतल्या कुठल्याशा पाखंडी लोकांच्या गुप्त पूजेत काळं मांजर येतं असं वर्णन आहे, एवढं खरं. पण त्यामुळे युरोपभर मांजरं मारली, म्हणून उंदीर वाढले, म्हणून प्लेग आला, ही जी साखळी फॉरवर्ड होत असते तिला आधार नाही. त्या पत्रात मांजरं मारा असं कुठंही म्हटलेलं नाही आणि मोठा प्लेग आला १३४७ ला, शंभरावर वर्षांनी. ऐकायला मस्त वाटते म्हणून ती गोष्ट मरत नाही.

खरं नुकसान पुढं झालं. १४८० च्या दशकात हाइनरिख क्रेमर नावाच्या धर्मगुरूनं चेटकिणी कशा ओळखायच्या याचं पुस्तकच लिहिलं, त्यात स्ट्रासबुर्गजवळची एक गोष्ट आहे. एक कामगार लाकडं फोडत असतो, तीन मांजरं त्याच्यावर येतात, तो लाकडानं त्यांना बडवतो. थोड्या वेळानं त्यालाच अटक, कारण गावातल्या तीन प्रतिष्ठित बायका अंथरुणात जखमी पडल्यात आणि यानं मारलं म्हणतायत. मग 'उलगडा' होतो की मांजरं म्हणजे त्याच बायका. माणूस सुटला. मी हे दोनदा वाचलं, कारण दुसरा अर्थ माझ्या डोक्यातून जाईना: तीन बायका सांगतायत की या माणसानं आम्हाला मारलं, आणि न्यायाचा निकाल काय, तर त्या मांजरं होत्या.

इंग्लंडमधली गोष्ट वेगळी, तिथं बाई मांजर होत नाही, बाईकडे मांजर असतं आणि ते तिचं काम करतं. १५६६ मध्ये चेम्सफर्डला अ‍ॅग्नेस वॉटरहाउस नावाच्या गरीब म्हातारीवर खटला चालला. तिच्याकडे सेथन, म्हणजे सैतानच, या नावाचं मांजर होतं, ते तिला शेजारणीनं दिलेलं, शेजारणीला तिच्या आजीनं दिलेलं. टोपलीत ठेवायचं, दूध-पाव घालायचा, आणि काम केलं की बक्षीस म्हणून आपल्या रक्ताचा एक थेंब. कामं कसली, तर शेजाऱ्याची गाय मार, अमकीनं लोणी दिलं नाही तर तिचं दही नासव. पुढं म्हातारीला लोकर हवी होती (सेथनला लोकरीवर ठेवलेलं) म्हणून तिनं त्या मांजराला बेडूक केलं म्हणे. तिला फाशी दिली. आणि एक मजा बघा, त्या वेळच्या छापील पुस्तिकेत हे मांजर पांढऱ्या ठिपक्यांचं आहे. काळं नाही! चेटकिणीचं काळंकुट्ट मांजर ही नंतरच्या चित्रकारांची कृपा. तेव्हाच्या खटल्यांत अशा पाळीव सैतानांमध्ये बेडूक, कुत्रे, ससे, मुंगूससारखे प्राणी सगळे यायचे, पुढं कार्डांवर आणि पोस्टरांवर सगळे गळून पडले आणि मांजर तेवढं उरलं.

इतिहासकार अ‍ॅलन मॅकफार्लेन यांनी १९७० च्या सुमारास चेम्सफर्ड ज्यात येतं त्या एसेक्स परगण्यातले खटले तपासले आणि त्यांना जे दिसलं ते मला फार पटतं. आरोपाची सुरुवात बहुतेक वेळा अशी: एकटी म्हातारी शेजाऱ्याकडे थोडं दूध, थोडं लोणी मागायला येते, शेजारी नाही म्हणतो, ती पुटपुटत जाते. पुढच्या आठवड्यात त्याची गाय आजारी पडते. नाही म्हटल्याचं मनाला लागलेलं असतंच, मग दोष कोणावर टाकायचा ते आधीच ठरलेलं. आणि त्या म्हातारीच्या घरात बोलायला दुसरं कोण होतं? मांजर. ती त्याच्याशी बोलायची, शेजाऱ्यांनी ते ऐकलेलं असायचं, झाला पुरावा. आत्ये दिवसभर मांजरांशी बोलते, सोळाव्या शतकात आमचं काही खरं नव्हतं.

युरोपभर मिळून अशा खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, त्यात तीन-चतुर्थांश बायका. पण आइसलँडमध्ये उलटं, तिथं जाळले गेले ते जवळजवळ सगळे पुरुष. म्हणजे चेटूक म्हटलं की बाई, हेसुद्धा गावागणिक बदलतं. आणि चेम्सफर्डला म्हातारीच्या मांजराची चौकशी चालली होती त्याच दशकात, १५६० ला, इकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं होतं, पण त्याचा मुख्य रोख बाटवलेल्या लोकांनी जुन्या चालीरीती सोडल्या की नाही यावर, मांजरांना त्यानं विचारलं नाही.

तर आपल्याकडे काय होतं? हे शोधताना मला सगळ्यात मजा आली, कारण आपल्या जुन्या ग्रंथांत मांजर म्हणजे चक्क पुरुष, आणि तोही ढोंगी साधू. महाभारताच्या उद्योगपर्वात गोष्ट आहे, गंगेच्या काठी एक मांजर हात वर करून तप करतं, उंदरांचा विश्वास बसतो, ते म्हणतात आमचं रक्षण कर, आणि मग एकेक उंदीर कमी होत जातो. ही गोष्ट दुर्योधन युधिष्ठिराला टोमणा म्हणून पाठवतो, तू त्या मांजरासारखा आहेस म्हणून. महाबलिपुरमला सातव्या शतकातलं दगडात कोरलेलं मोठं शिल्प आहे, त्यात एका कोपऱ्यात हे तपस्वी मांजर उभं आहे, पायाशी उंदीर. पंचतंत्रातला न्याय द्यायला बसलेला दधिकर्ण, हितोपदेशातला दीर्घकर्ण, सगळे त्याच माळेचे मणी. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला शब्दच आहे, बैडालव्रतिक, म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला. आणि इसापाकडे मांजरीची बाई होते तशी आपल्या पंचतंत्रातही गोष्ट आहे पण आपल्याकडे मुलगी होते ती उंदरीण, जिला सूर्य नको, ढग नको, वारा नको, शेवटी उंदीरच नवरा हवा.

अहल्येची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण कथासरित्सागरात ती जशी येते ती फार कमी जणांना माहीत असते. गौतम ऋषी अचानक घरी येतात, इंद्र आत अडकतो, घाबरून बोका होतो. गौतम विचारतात आत कोण आहे, अहल्या प्राकृतात म्हणते, मज्जार आहे. आता मज्जार म्हणजे मार्जार, मांजर. पण तोच शब्द फोडला तर मज जार, माझा जार, म्हणजे माझा यार. ती खोटं बोललीच नाही! इथं मांजर कोण आहे? बाहेरख्याली पुरुष, देवांचा राजा. बाई माणूसच आहे, आणि हुशार आहे.

बाई आणि मांजर एकत्र येतात ते षष्ठीदेवीपाशी, जिला आपण सटवाई म्हणतो. बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री आपल्याकडे सटी पुजतात, देवी येऊन कपाळावर नशीब लिहिते. बंगालात या षष्ठीचं वाहन मांजर. तिथल्या व्रतकथेत एक धाकटी सून चोरून खाते आणि नाव घरच्या मांजरीवर घालते. मांजरी चिडून जाते देवीकडे, आणि सुनेला मूल झालं की उचलून नेते, असं दरवर्षी. शेवटी सून चूक कबूल करते, माफी मागते, मुलं परत मिळतात. बघा, इथं बाईनं मांजराला बदनाम केलंय, आणि मांजराला न्याय मिळालाय. दक्षिणेत श्रीवैष्णव नावाच्या विष्णुभक्तांतल्या एका पंथानं तर देवाची कृपा सांगायला मांजरीचाच दाखला घेतला, माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं पण मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तसा देव भक्ताला नेतो.

आपली भाषापण यात मदत करते. मराठीत ते मांजर, नपुंसकलिंगी, नर म्हणायचं तर बोका, मादी म्हणायची तर मांजरी किंवा भाटी. जर्मनमध्ये मांजर जातीनंच ती, आणि इंग्लिशमध्येही अनोळखी मांजराला सहज शी म्हणतात आणि कुत्र्याला ही. आपल्या म्हणींत लबाडी आणि फुकटची मलई कोणाला? शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं. बोक्याचं.

मग प्रश्न येतो की एकटी बाई आणि मांजर हा साचा आपल्याकडे का तयार झाला नाही, आपण काय बायकांबद्दल फार उदार होतो असं नाही. माझं मत सांगते. पश्चिम युरोपात काही शतकं लग्नं उशिरा व्हायची आणि दहातल्या एक-दोन बायका लग्नाशिवायच राहायच्या, जॉन हाइनल या संशोधकानं १९६५ मध्ये हे आकडे मांडले. अशा बायका सूत कातून पोट भरायच्या, इंग्लिशमधला स्पिन्स्टर शब्द तिथूनच, आधी सूत कातणारी, मग कोर्टाच्या कागदांवर बिनलग्नाची. तिची स्वतःची खोली, स्वतःची चूल, स्वतःचं दार, आणि दारात तिचं मांजर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या व्यंगचित्रांत म्हातारी कुमारिका मांजराशिवाय दिसतच नाही. आपल्याकडे मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी, आणि विधवा झाली तर केस कापून माजघरात, सगळ्यांच्या नजरेखाली. तिला मांजर पाळायला स्वतःचं दार होतं कुठं? आणि बाईची भीतीच दाखवायची तर आपल्याकडे हडळ होती, आळवंतीण होती. मांजराची गरज पडली नाही.

आत्येला दार आहे कारण घरात तिचा वाटा आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड इथं लागू झाला आणि मुलींना मुलांसारखा हिस्सा आला. कागदावरचं प्रत्यक्षात किती मिळतं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, सह्या कशा घेतात तेही. पण आत्येनं सही केली नाही. म्हणून बल्कांव तिचा, म्हणून मांजरं.

हे स्वतःच्या दाराचं प्रकरण मतदानात तर अगदी उघडं पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत बायका मताचा हक्क मागायला लागल्या तेव्हा त्यांची टर उडवणारी पोस्टकार्डं निघाली, टोपी घातलेलं मांजर म्हणतंय मला मत हवं. म्हणजे बाईला मत द्यायचं तर मांजरालापण द्या. जेलमध्ये बायका उपोषण करायच्या, सरकार नळी घालून जबरदस्तीनं अन्न द्यायचं, लोक बोंबलायला लागले म्हणून १९१३ मध्ये सरकारनं कायदा केला, उपोषणानं अगदी आजारी झाली की सोडायची, घरी जरा बरी झाली की परत पकडायची. मांजर उंदराशी खेळतं तसं. लोकांनी नावच पाडलं मांजर-उंदीर कायदा, आणि बायकांच्या संघटनेनं १९१४ ला पोस्टर काढलं, भलंमोठं मांजर, तोंडात लोंबकळणारी बाई. काल बाई मांजर होती, आज सरकार मांजर. अमेरिकेत १९१६ मध्ये ॲलिस बर्क आणि नेल रिचर्डसन या दोघी प्रचारासाठी छोट्या पिवळ्या गाडीतून देशभर फिरल्या, बरोबर एक काळं मांजराचं पिल्लू, गाडीच्या कंपनीवरून त्याचं नाव सॅक्सन. टर उडवणाऱ्यांचंच मांजर गाडीत बसवलं.

आणि आपले तेव्हाचे राज्यकर्ते पोर्तुगीज, त्यांची गंमत ऐका. १९११ च्या त्यांच्या कायद्यात साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या एकवीस वर्षांवरच्या नागरिकांना मत होतं, पुरुष असं लिहायचं राहून गेलं होतं, सुचलंच नसेल. कारोलिना बिआत्रिझ आंजेलू नावाची डॉक्टर, नवरा गेलेला, पदरी मुलगी, म्हणजे कुटुंबप्रमुख तीच. ती कोर्टात गेली, जिंकली, आणि २८ मे १९११ ला लिस्बनमध्ये मत देऊन आली. १९१३ मध्ये कायदा बदलला, आता त्यात पुरुष हा शब्द स्वच्छ लिहिला.

सायन्सवाल्यांनीपण हातभार लावला. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो, उंदरात गेला की उंदराची मांजराची भीती कमी होते हे खरं आहे, त्यावरून माणसाचं डोकंपण फिरत असेल अशी चर्चा सुरू झाली आणि पेपरांनी मथळे दिले की कॅट लेडी वेड्या का असतात. माणसाला तो कच्च्या मांसातून, मातीतूनही लागतो, गरोदर बाईनं खरंच जपायला हवं. पण तो बाई-पुरुष बघून शिरत नाही, आणि २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे पाच हजार मुलांवरचा अभ्यास आला त्यात घरात मांजर असणं आणि पुढं मानसिक भ्रम होणं यांचा संबंध दिसला नाही. वाद अजून चालू आहे, पण मथळ्यात कॅट मॅन कधी आला नाही एवढं मी बघितलंय.

२०२१ मध्ये अमेरिकेतले राजकारणी जे. डी. व्हान्स यांनी टीव्हीवर म्हटलं की देश मूलबाळ नसलेल्या, दुःखी कॅट लेडी चालवतायत, २०२४ च्या निवडणुकीत ती क्लिप परत वर आली, आणि सप्टेंबरात गायिका टेलर स्विफ्टनं आपल्या मांजराला घेऊन फोटो टाकला आणि खाली सही केली 'चाइल्डलेस कॅट लेडी'. भावाच्या मोबाईलमध्ये हा शब्द बहुतेक तिथूनच आला असणार, त्याला यातलं काही माहीत नसणार.

हे सगळं मी आत्येला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. तिनं अहल्येची कोटी ऐकून मोठ्यानं हसून घेतलं, स्ट्रासबुर्गच्या बायकांचं ऐकून काही बोलली नाही, पोर्तुगीज डॉक्टरणीचं नाव मला परत सांगायला लावलं. तेवढ्यात खाली रस्त्यावर नुस्तें, म्हणजे मासळी, विकणाऱ्याचा भोंगा वाजला, पाचही मांजरं पायऱ्यांवर, आत्ये पिशवी घेऊन उठली आणि दारात थांबून वळली.

"त्या म्हातारीनं मांजराला दूध-पाव घातलो म्हणालीस मगे? नुस्तें ना?"